सातशेला मुंग्या

सोमवार ते शुक्रवार आमचं कॉलेज साडेसहा इंचाचं.
मंद्रूपला, चुलीपाशी,
ज्वारीच्या पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून मी बसते.
बाहेरून उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जातात,
आत केळुसकर मॅडम पुण्याहून
खांद्याचं पातं दाखवतात,
"इथं अंगठा ठेवायचा, आणि इथं..."
तिथंच नेट जातं.
मॅडमचा हात हवेत अडकून राहतो,
कुणाच्याच पाठीला न लागलेला.

शनिवार-रविवार खरी माणसं.
सकाळची एसटी, मग रिक्षा, मग कुंभारीचं समाजमंदिर.
सतरंजीवर आम्ही अकराजणी
आणि एक सांगाडा, उजव्या हाताची तीन बोटं नसलेला.
त्याला मल्लप्पा म्हणतो.
मल्लप्पाला काहीच दुखत नाही,
म्हणून त्याच्यावर शिकलेलं सगळं बरोबर येतं.

पहिल्याच शनिवारी नरसव्वा येमुल आली.
मी वहीत बघून विचारलं,
दुखणं शून्य ते दहात किती?
"दहा कशाचे?"
म्हटलं, समजा शून्य म्हणजे काहीच दुखत नाही.
"असं कधी असतंय का?"
शेजारच्या बाईकडं बघून ती तेलुगूत काही बोलली,
दोघी हसल्या.
मला त्यातलं एकच कळलं, नोप्पी.
आमच्या घरी नोवु, मॅडमच्या स्लाइडवर वेदना.
मग तिनं मला कळावं म्हणून मराठीत सांगितलं,
सावकाश, हिशेब देतात तसं:
"पाचशे विड्यांपर्यंत बरं असतंय.
सातशेला मुंग्या.
नऊशेला मान दगड.
हजाराला हात माझा नसतोय, कारखान्याचा असतोय."

स्लाइडवर उपचार क्रमांक एक: विश्रांती.
मी वाचून दाखवलं.
"घेते की. तू भरतीस का माझे हजार?"

तर मी बसले.
तिच्या दारात, तिच्या शेजारी, मांडीवर सूप.
पत्र्याचा फर्मा, कात्री, रात्रभर भिजवलेलं पान,
चिमूटभर तंबाखू, वळण, टोकाची घडी, दोऱ्याचा वेढा.
तासाभरात माझ्या अकरा.
नरसव्वानं एकेक उचलून उजेडात धरली
आणि नऊ बाजूला टाकल्या. "छाट."
दुसऱ्या दिवशी माझा अंगठा बुडाशी ठणकायला लागला,
आणि मान,
आणि पात्याच्या आतल्या कडेला एक जागा, रुपयाएवढी.
मॅडमचा हात जिथं पोचायचा राहिला होता
ती जागा.

सूप खाली, म्हणून मान खाली.
एवढंच होतं.
घरातली जुनी चादर चार पदरी घडी करून
सुपाखाली सरकवली. चार बोटं वर आलं.
नरसव्वा म्हणाली, "माझ्याच मालकानं मागावर विणलीय.
ह्याच्यासाठी नव्हती."
पण काढली नाही.

बुधवारी वर्गात मी कॅमेरा फिरवला.
पिठाच्या डब्यावर सूप ठेवलं, चादरीसकट,
आणि वळून दाखवली एक विडी. वाईटच जमली.
पलीकडं सगळं गप्प.
वाटलं, नेट गेलं.
पण मॅडमच्या डोळ्यांची उघडझाप चालू होती.
"परत दाखव," त्या म्हणाल्या, "हळू.
अंगठा कुठल्या क्षणी फिरतो?"
सोळा वर्षं शिकवतायत त्या.
त्यांनी वही ओढून घेतल्याचा आवाज आला.

आता नरसव्वा रोज भिंतीवर बोटं चढवते,
कॅलेंडरच्या कडेनं, मुंगीसारखी.
संक्रांतीला तारखांच्या खालच्या ओळीत होती,
आता देवाच्या पायांपर्यंत.
तिला खिळ्यापर्यंत जायचंय. का, ते सांगत नाही.
एकदा सून म्हणाली,
"दिवाळीपासून अंबाडा मीच घालते त्यांचा.
आवडत नाही त्यांना माझा."

काल आली ती, चप्पल काढायच्या आतच म्हणाली,
"सातशे चाळीस."
मी विचारलंही नव्हतं.

परीक्षेचा फॉर्म मोबाइलवरच भरायचा असतो.
रुग्णाचं नाव. वय: अंदाजे.
दुखण्याची पातळी, एक आकडा, शून्य ते दहा.
मी सातशे चाळीस टाकते.
रकाना लाल होतो.
खोडते. पुन्हा टाकते.